पिल्लू क्रेटमध्ये रात्रभर झोपत नाही? आधी रडण्याची वेळ बघा

कुत्र्याचं नवीन पिल्लू रात्री क्रेटमध्ये, म्हणजे झोपण्यासाठीच्या जाळीच्या पिंजऱ्यात, रडायला लागलं की घरात दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, रडू दे, दमलं की झोपेल. दुसऱ्याचं म्हणणं, एवढंसं लेकरू ते, काढ बाहेर. दोन्ही सल्ले कधी लागू पडतात, कधी अंगाशी येतात, कारण देणाऱ्याने घड्याळ पाहिलेलं नसतं. दिवा मालवताच रडणारं, दीड-दोनच्या सुमारास झोपेतून उठून रडणारं आणि पहाटे साडेचारला रडणारं पिल्लू, या तीन निराळ्या तक्रारी आहेत. एकीचा उपाय दुसरीला लावला की आठवडाभराचं जागरण पदरात पडतं, आणि पिल्लाला एखादी नको ती सवय लागते ती वेगळीच.

तेव्हा आधी दोन-तीन रात्रींची नोंद ठेवा. शेवटचं खाणं किती वाजता दिलं, पाण्याचं भांडं कधी उचललं, शेवटची शू आणि शेवटची शी कधी झाली, क्रेटमध्ये कधी ठेवलं, पहिल्यांदा कधी रडलं, आणि बाहेर नेल्यावर त्याने खरोखर शू केली का. हा शेवटचा रकाना लोक गाळतात, आणि उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं. नेल्याबरोबर भरपूर शू झाली, तर रडणं गरजेचं होतं. पाच मिनिटं नुसतं हुंगत फिरलं आणि चपलेचा बंद ओढायला लागलं, तर त्याला सोबत हवी होती किंवा खेळ हवा होता.

मुळात किती तासांची अपेक्षा ठेवायची

दिवसा जागेपणी धरून ठेवण्याचा ढोबळ हिशेब असा: वय जितके महिने, त्यात एक मिळवा, जास्तीत जास्त तेवढे तास. ही कमाल मर्यादा आहे, रोजचं वेळापत्रक नव्हे. झोपेत मूत्र कमी तयार होतं, म्हणून रात्री थोडं जास्त निभावतं. आठ आठवड्यांच्या पिल्लाने सलग ३ तास झोप काढली तर छान झालं म्हणायचं. बारा आठवड्यांना ४ ते ५ तास, सोळा-अठरा आठवड्यांना ६ ते ७ तास, आणि चार-पाच महिन्यांनंतर बरीच पिल्लं रात्रभर झोपायला लागतात. लहान चणीच्या जातींचं मूत्राशयही लहान, त्यामुळे त्यांना महिनाभर उशीर होऊ शकतो.

म्हणजे आठ-नऊ आठवड्यांचं पिल्लू रात्री दोनदा उठत असेल तर बिघाड काहीच नाही आणि दुरुस्त करण्यासारखंही काही नाही. त्याला दोनदा बाहेर नेणं एवढंच काम आहे.

क्रेटची मांडणी एकदा तपासून घ्या

कुत्रं आपली झोपायची जागा घाण करायचं टाळतं, या एका प्रवृत्तीवर क्रेटची सगळी मदार असते. क्रेट फार मोठा असेल तर पिल्लू एका कोपऱ्यात शू करतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात कोरडं झोपतं, की झाला बेत पाण्यात. पिल्लाला मान न वाकवता उभं राहता यावं, वळता यावं आणि पाय लांब करून आडवं होता यावं, इतकीच जागा हवी. मोजायचं ते असं: उभ्या पिल्लाच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, अधिक साधारण १० सेंटीमीटर. लॅब्राडॉरसारख्या कुत्र्याला मोठेपणी ४२ इंची, म्हणजे सुमारे १०७ सेंटीमीटर लांबीचा क्रेट लागतो. तोच आधी घ्यायचा असेल तर आत सरकवायची जाळी असलेला घ्या आणि पिल्लाच्या मापाइतकी जागा मोकळी ठेवा. जाळी नसेल तर मागच्या भागात घट्ट बसणारं लाकडी खोकं ठेवलं तरी चालतं. पुठ्ठ्याचं नको, ते सकाळपर्यंत पोटात गेलेलं असतं.

आत पातळ, धुता येणारी चादर किंवा सतरंजीची घडी पुरे. जाड, मऊ गादी दिसायला प्रेमळ वाटते, पण ती शू शोषून घेते, अंग कोरडं राहतं आणि पिल्लाला तक्रार करायचं कारणच उरत नाही. शू शोषणारे पॅड क्रेटमध्ये कधीच अंथरू नयेत. ज्यावर शू करायची असं आपण दिवसा शिकवतो, तेच रात्री अंथरूण म्हणून द्यायचं, यात पिल्लाने काय समजावं?

तीन बाजूंनी पातळ कापड टाका, पुढची बाजू उघडी ठेवा. उकाडा असेल तर कापड काढा. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट क्रेटवर नको. आणि दार लावण्याआधी गळ्यातली कॉलर काढाच, छातीचा पट्टासुद्धा. जाळीत अडकून गळफास बसण्याचा धोका खरा आहे.

तक्रार पहिली: ठेवल्या ठेवल्या रडतं

इथे शू हे कारण जवळजवळ नसतंच, तुम्ही पंधरा मिनिटांपूर्वी ती करवून आणलेली असेल तर. खरी कारणं तीन: एकटेपणा, दाराची धास्ती आणि बिघडलेली संध्याकाळ.

एकटेपणाचं आधी बघू. कालपर्यंत हे पिल्लू भावंडांच्या ढिगात झोपत होतं. आज ते दुसऱ्या खोलीत, अंधारात, जाळीच्या मागे आहे. ते रडणारच, आणि त्यात हट्ट मुळीच नाही. पहिल्या रात्रीपासून क्रेट तुमच्या पलंगाला खेटून ठेवा. भक्कम, न हलणाऱ्या स्टुलावर किंवा पेटीवर ठेवून क्रेटचं तोंड गादीच्या उंचीला आणता आलं तर उत्तम, कारण मग ते डोळे उघडताच तुम्हाला पाहतं आणि तुम्ही पडल्या पडल्या जाळीतून दोन बोटं आत देऊ शकता. बोटं स्थिर ठेवायची, कुरवाळायचं नाही, बोलायचं नाही. फक्त श्वासाचा आवाज आणि वास पुरतो. आधीच्या घरातून भावंडांचा वास लागलेलं फडकं मिळालं तर आत ठेवा. नाहीतर तुमचा वापरलेला सुती टीशर्ट. हृदयाच्या ठोक्यांसारखा आवाज करणारी खेळणी मिळतात. काही पिल्लांना त्यांचा उपयोग होतो, पण तुम्ही शेजारी असाल तर त्यांच्यावाचून काही अडत नाही.

क्रेट कायम पलंगाशीच राहील ही भीती नको. सलग पाच ते सात रात्री शांत गेल्या की दर दोन रात्रींनी ३० ते ५० सेंटीमीटर लांब सरकवा. खोलीच्या दारापर्यंत, मग दाराबाहेर. सरकवल्यावर पुन्हा रडलं तर आधीच्या जागी दोन रात्री काढा आणि मग निम्म्या अंतराने पुढे जा. आज उशाशी आणि उद्या थेट दुसऱ्या खोलीत, असं केलं की सगळं पहिल्यापासून.

दुसरं कारण दार. क्रेट आवडतो पण दार लागलं की घाबरतं, अशी पिल्लं पुष्कळ. कारण दिवसभर क्रेटशी त्याची ओळखच करून दिलेली नसते आणि रात्री अकराला एकदम आठ तासांसाठी कडी लागते. ही शिकवणी दिवसा द्यायची, पाच-सहा वेळा, दर वेळी दोन-तीन मिनिटं.

१. दार उघडं ठेवून दोरीने बांधा, झुलून अंगावर आपटायला नको. नखाएवढे खाऊचे तुकडे आत टाका. पिल्लू जाईल, खाईल, बाहेर येईल. येऊ द्या.

२. रोजचं जेवण आत द्या. पहिल्यांदा भांडं उंबऱ्याशी, मग प्रत्येक जेवणाला तळहाताच्या रुंदीइतकं मागे. चारही पाय आत ठेवून निवांत खाऊ लागलं की पुढची पायरी.

३. खाताना दार लावा आणि खाणं संपण्याआधी उघडा. पुढच्या जेवणांत खाणं संपल्यावर ५ सेकंद, मग १०, २०, ४०, मग मिनिटभर.

४. दार लावून तुम्ही उठा, दोन पावलं जा, परत या. मग खोलीच्या दारापर्यंत. मग दाराआड पाच सेकंद.

५. खेळून, शू करून पेंगायला लागलं की क्रेटमध्ये ठेवा आणि दिवसाची एक डुलकी दार लावून होऊ द्या. जागं झालं की रडायची वाट न बघता लगेच बाहेर काढा.

मधेच कुईकुई सुरू झाली तर तुम्ही एखादी पायरी ओलांडून उडी मारलीत. वेळ निम्म्यावर आणा. बऱ्याच पिल्लांना यात चार ते सात दिवस जातात, बुजऱ्यांना दोन आठवडेही. तोवर रात्रीचं काय? क्रेटच्या भोवती छोटं कुंपण उभारा, क्रेटचं दार उघडं ठेवा, आणि तुम्ही कुंपणाला लागून खाली गादी टाकून झोपा. दार न शिकलेल्या पिल्लाला पहिल्याच रात्री कोंडून ‘सवय लावणं’ म्हणजे क्रेटची भीती लावणं.

तिसरं कारण संध्याकाळ. पिल्लांना दिवसाकाठी अठरा ते वीस तास झोप लागते. रात्री झोपावं म्हणून संध्याकाळभर जागं ठेवून दमवलं की ते झोपत नाही, चेकाळतं. घरभर पिसाटल्यासारखं पळतं, पायाला चावतं, आणि क्रेटमध्ये ठेवलं की केकाटतं. तान्ह्या बाळाची झोप मोडून गेली की जे होतं तेच. म्हणून संध्याकाळची डुलकी चुकवायची नाही. रात्री ११ला झोपायचं असेल तर साधारण असं बसवा: ७ला शेवटचं जेवण, खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत शी होते तेव्हा त्या वेळात बाहेर. साडेसात ते नऊ डुलकी. नऊ ते पावणेदहा खेळ आणि थोडं शिकवणं. सव्वानऊ-साडेनऊला पाणी उचला. दहाच्या पुढे दोरीची ओढाताण आणि चेंडू बंद, चघळायचं किंवा चाटायचं काहीतरी द्या, कारण चघळण्याने पिल्लू निवतं. पावणेअकराला शू. बरीच पिल्लं शू दोन हप्त्यांत करतात, त्यामुळे एकदा झाली की लगेच आत न येता आणखी तीन मिनिटं तिथेच थांबा.

पाणी उचलायचं ते शेवटच्या दीड-दोन तासांपुरतंच. दिवसभर तोडायचं नाही, आणि उकाडा असेल किंवा पोट बिघडलं असेल तर रात्रीही तोडायचं नाही. अगदी चिमुकल्या जातींच्या, तीन महिन्यांखालच्या पिल्लांचं शेवटचं जेवण सातला उरकू नका. फार काळ उपाशी राहिली की त्यांची रक्तातली साखर घसरते, म्हणून झोपण्याआधी त्यांना एक छोटा घास हवाच.

हे सगळं करूनही थोडं रडलंच, तर किती थांबायचं? पिल्लाला ऊब आहे, पोट भरलंय, शू झालीय आणि तुम्ही शेजारी आहात, अशा वेळी बारीक कुरकुर पाच-दहा मिनिटं चालू द्या. ती चढत-उतरत विझत जाते. विझण्याऐवजी चढतच गेली तर ती निराळी गोष्ट, तिच्याविषयी पुढे. पण एक पक्कं ठरवा: दुर्लक्ष करायचं तर शेवटपर्यंत करायचं. चाळीस मिनिटं रडू देऊन मग दार उघडलं की पिल्लू शिकतं ते इतकंच, की चाळीस मिनिटं रडलं की दार उघडतं. एका रात्री उघडलं, दुसऱ्या रात्री नाही, तिसऱ्या रात्री पुन्हा उघडलं, असं झालं तर आणखी वाईट. कधीतरी मिळणारं बक्षीस रोज मिळणाऱ्यापेक्षा जास्त चिकाटी शिकवतं. तेवढी तयारी नसेल तर पहिल्या मिनिटाला जा, आणि रडण्यात दोन-तीन सेकंदांची फट पडेल त्याच क्षणी दार उघडा.

तक्रार दुसरी: मध्यरात्री उठून रडतं

झोपलेलं पिल्लू तीन तासांनी उठून चुळबुळ करतं, गोल फिरतं, जाळी खाजवतं आणि मग आवाज देतं. ही शूची हाक आहे. इथे दुर्लक्ष करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एकदा नाइलाजाने आत शू झाली, दोनदा झाली, की जागा कोरडी ठेवायची ती मूळची ओढच बोथट होते, आणि ती परत आणायला महिने लागतात.

उपाय रडणं थांबवण्याचा नाही, रडण्याच्या आधी पोचण्याचा आहे. नोंदवहीत बघा, पहिली हाक साधारण कधी येते. त्याच्या वीस मिनिटं आधीचा गजर लावा आणि तुम्हीच त्याला उठवून न्या. पिल्लाने रडावं आणि माणसाने यावं ही साखळी इथे बांधलीच जात नाही.

नेण्याची पद्धत कंटाळवाणी हवी. दिवा लावू नका, लागलाच तर मंद. बोलू नका. कडेवर घेऊन न्या, कारण झोपेतून उठलेलं पिल्लू दहा पावलं चाललं की वाटेतच शू करून मोकळं होतं. गळपट्टा अडकवून ठरलेल्या एकाच जागी खाली ठेवा आणि खांबासारखे उभे राहा. पाच मिनिटांत झाली तर एक हळू ‘शाब्बास’, आणि थेट क्रेटमध्ये. झाली नाही तरी थेट क्रेटमध्ये, फक्त वीस मिनिटांनी पुन्हा एकदा. रात्री खाऊ देऊ नका, नाहीतर पिल्लू लवकरच खाऊसाठी उठायला लागेल. लस पूर्ण झाली नसेल तर इतर कुत्र्यांचा वावर असलेली जागा टाळा. घराचाच एखादा कोपरा, गच्ची किंवा बाल्कनीतला ट्रे चालेल.

आता गजर पुढे ढकलायचा. आठ आठवड्यांच्या पिल्लासाठी ११ला झोप, गजर २ आणि ५ला, सकाळ साडेसहाला, असं धरू. सलग दोन-तीन रात्री क्रेट कोरडा राहिला आणि तुम्ही पोचलात तेव्हा पिल्लू झोपलेलं होतं, या दोन्ही गोष्टी जमल्या की दोन्ही गजर १५ मिनिटांनी पुढे. सहा वेळा ढकलले की दुसरा गजर सकाळी साडेसहाला जाऊन मिळतो आणि बाद होतो. याला सुमारे अडीच आठवडे लागतात. उरतो एक, साडेतीनचा. तो तसाच १५-१५ मिनिटांनी सकाळपर्यंत न्यायला आणखी बारा पायऱ्या, म्हणजे पाच आठवडे. तोवर पिल्लू सोळा आठवड्यांचं झालेलं असतं आणि त्याचं मूत्राशयही तेवढं वाढलेलं असतं. घाई केली की हा हिशेब मोडतो. अर्धा-अर्धा तास ढकलून आठवड्यात काम उरकायला गेलं की एका रात्री क्रेट ओला होतो आणि गजर पुन्हा मागे आणावा लागतो. ओला झालाच तर ३० मिनिटं मागे या आणि तिथे तीन रात्री थांबा.

दर तासाला उठत असेल तर मात्र हा तक्ता गुंडाळून ठेवा. एक तर थंडी वाजतेय (अंग गोळा करून, नाक शेपटीखाली घालून झोपलंय का बघा), नाहीतर नेल्यावर खेळ मिळतोय, नाहीतर मूत्रमार्गाचा संसर्ग आहे. दिवसाही थोडी-थोडी, वारंवार शू, कुंथणं, शूला तीव्र वास किंवा लालसर रंग, ही संसर्गाची खूण. शूचा नमुना घेऊन पशुवैद्याकडे जा. शिकवणुकीने हे बरं होत नाही.

तक्रार तिसरी: न रडता आतच शू करून झोपतं

क्रेट मोठा आहे का, गादी जाड आहे का, हे वर आलंच. दोन्ही ठीक असेल तर वास तपासा. साध्या साबणाने धुतलेली चादर आपल्याला स्वच्छ वाटते, पिल्लाच्या नाकाला ती तशी वाटत नाही. एन्झाइम असलेलं, म्हणजे शूचा वास देणारे घटकच मोडणारं, क्लीनर वापरा, ट्रे, जाळी आणि खालची फरशी तिन्हींवर, आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओलं राहू द्या. लगेच पुसलं की उपयोग शून्य. अमोनिया असलेलं काहीही नको, त्याचा वास शूशी मिळताजुळता असतो आणि पिल्लाला ती जागा जणू दाखवून दिल्यासारखी होते.

सगळ्यात अवघड ती पिल्लं जी पहिले आठ-दहा आठवडे घाणीच्या पिंजऱ्यात वाढली आहेत. त्यांना घाणीत झोपायची सवयच झालेली असते, आणि बंद क्रेटने ती जात नाही, उलट पक्की होते. अशा पिल्लाला काही आठवडे रात्री क्रेटमध्ये कोंडू नका. कुंपणात एका टोकाला उघडा क्रेट आणि दुसऱ्या टोकाला शूचा ट्रे ठेवा, म्हणजे त्याला उठून दूर जाण्याची मुभा राहील. जेवण क्रेटमध्येच द्या. दिवसा दर तास-दीड तासाला बाहेर न्या आणि बाहेर झाल्याबरोबर खाऊ द्या. क्रेट सलग दोन आठवडे कोरडा राहिला की मग वरच्या पाच पायऱ्या सुरू.

आणखी एक प्रकार सहज निसटतो. पिल्लू गाढ झोपलेलं असतं आणि खाली ओलं असतं, मागचा भाग सतत दमट असतो, उठल्यावर त्यालाही पत्ता नसतो. ही गळती आहे. मूत्रवाहिनीच्या जन्मजात दोषामुळे अशी गळती होऊ शकते आणि हा दोष मादी पिल्लांत जास्त आढळतो. तपासणी करून घ्या.

रात्री शी होत असेल तर कारण बहुधा ताटात सापडतं. शेवटचं जेवण उशिरा, प्रमाण जास्त, दिवसभर शिकवताना दिलेला खाऊ मोजलाच नाही, किंवा खाणं एकदम बदललं. बदल करायचा तर सात ते दहा दिवसांत, थोडं नवं थोडं जुनं मिसळत. पातळ, चिकट किंवा फार दुर्गंधीची शी सलग दोन दिवस दिसली तर ताजा नमुना तपासायला द्या. पिल्लांत जंत आणि जियार्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) दोन्ही सर्रास आढळतात. उलटी, मलूलपणा किंवा शीमध्ये रक्त असेल तर दोन दिवसही थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं.

तक्रार चौथी: पहाटे साडेचार-पाचला दिवस सुरू करतं

पहाटे झोप हलकी झालेली असते, मूत्राशय भरलेलं असतं, त्यात उजेडाची तिरीप येते, पक्षी ओरडतात, शेजारी नळ सुटतो. हे सगळं एकदम साधतं. पण सवय जी पक्की होते ती नाश्त्याने. पिल्लू पाचला उठलं, आपण वैतागून ‘आता उठलंच आहे तर’ म्हणून खायला दिलं, की दुसऱ्या दिवशी त्याचं पोट पावणेपाचला गजर देतं.

पाचची हाक आली तर बाहेर न्या, मध्यरात्रीसारखंच, मुकाट्याने, आणि परत क्रेटमध्ये. खाणं उठल्यावर लगेच नाही, निदान अर्ध्या तासाने, आणि तुमच्या ठरलेल्या वेळेआधी तर नाहीच. ही वेळ आज पाच असेल तर दर दोन-तीन दिवसांनी १० ते १५ मिनिटं पुढे न्या. खिडकीला जाड पडदा लावा, खोलीत पंख्याचा एकसुरी आवाज राहू द्या. क्रेटचं दार उघडताना नाचत-ओरडत स्वागत केलं तर पिल्लू त्या क्षणासाठी पहाटेपासून डोळे लावून बसतं. दार उघडा, उचला, न्या. लाड नंतर.

तक्रार पाचवी: महिनाभर छान झोपत होतं, आता बिघडलं

वय आधी बघा. चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडून पक्के येतात. हिरड्या ठणकतात, रात्री जाग येते. झोपण्याआधी गार ओलं फडकं पिळून, गाठ मारून चघळायला द्या, आणि तुमच्या नजरेसमोरच. एकटं असताना क्रेटमध्ये कातडी हाड, दोरी किंवा तुकडे पडतील असं काहीही नको.

वय हे कारण नसेल तर क्रेटच लहान पडलाय का बघा. मोठ्या जातीचं पिल्लू तीन आठवड्यांत मापाबाहेर जातं. मग दिवसाचा हिशेब करा. दिवसाचा बराच वेळ खेळ-फिरण्याविना क्रेटमध्येच गेला, तर रात्री ते ताजंतवानं असणारच. आणि घरात सगळ्यांना विचारा, चावलं म्हणून कुणी त्याला रागाने क्रेटमध्ये टाकलं का. ही गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही. शिक्षेची जागा आणि झोपायची जागा एकच असेल तर ती आधी शिक्षेची होते.

प्रवास, पाहुणे, घर बदलणं, आजारपण यांनंतर थोडी घसरण होतेच. क्रेट पुन्हा पलंगाशी आणा, जुना गजर लावा. या वेळी आठवड्याऐवजी दोन-तीन रात्रींत गाडी रुळावर येते.

घबराट असेल तर हे काहीच लावू नका

आवाज चढत जातो, लाळ गळून छाती ओली होते, धाप लागते, पिल्लू जाळी चावतं, पंजे रक्ताळेपर्यंत खाजवतं, आत्ताच शू केलेली असूनही घाबरून पुन्हा होते, आणि तुम्ही जवळ गेलात तरी खाऊ तोंडात घेत नाही. ही घबराट आहे. ‘दमेल आणि झोपेल’ हे इथे लागू नाही. दमतं ते, पण दुसऱ्या रात्री क्रेट दिसताच थरथरतं. शिवाय जाळी चावताना दात तुटतो.

लगेच बाहेर काढा, शांत होऊ द्या, आणि उरलेली रात्र कुंपणात किंवा तुमच्या खोलीत पट्टा बांधून तुमच्या गादीशेजारी काढा. बांधून ठेवणार असाल तर छातीच्या पट्ट्याला, गळ्याला नाही, आणि तुम्ही शेजारी असताना. दाराची शिकवणी पहिल्या पायरीपासून, आधीच्या निम्म्या वेगाने. दोन आठवड्यांत फरक नसेल तर वर्तनाचा अनुभव असलेला पशुवैद्य किंवा प्रशिक्षक गाठा. माणसांच्या झोपेच्या गोळ्या, सर्दीचं औषध, असलं काही घरच्या घरी देऊ नका. भुंकल्यावर झटका देणारी किंवा फवारा मारणारी कॉलर आवाज बंद करते, भीती आत तशीच ठेवते, आणि मग शूची खरी हाकही येत नाही.

काही कुत्री बंद जागेत कधीच रुळत नाहीत. त्यांच्यासाठी कुंपण हा तितकाच चांगला पर्याय आहे, कमीपणाचा नाही. झोपायची जागा ठरलेली असावी, सुरक्षित असावी आणि शूची जागा तिच्यापासून वेगळी असावी, एवढंच पुरतं.

जाळी मागे कधी सरकवायची

सलग दोन आठवडे कोरडे गेले की आतली जाळी १० सेंटीमीटर मागे न्या. चार रात्री बघा, मग पुढचे १०. ओलं झालं की परत. सहा-सात महिन्यांच्या पुढे, महिनाभर एकही अपघात नसेल आणि दिवसा एकटं असताना सामान कुरतडत नसेल, तर रात्री क्रेटचं दार उघडं ठेवून पाहा, पण पहिले काही दिवस खोलीचं दार बंद ठेवा. सकाळी ते क्रेटमध्येच झोपलेलं सापडलं तर कडी काढून ठेवायला हरकत नाही.